जागेवर चाळलेला डबर आणि खणाईचं अडकलेलं बिल

आडगावचा_पोकलेनवाला

नमस्कार मंडळी. सहा वर्षांपासून नाशकात खणाईची कामं घेतोय. पोकलेन स्वतःचं, खडक फोडायचा ब्रेकर भाड्याचा, हायवा डंपर मित्राचे. आजवरचे हिशोब समोरासमोर बसून मिटले. या वेळी पहिल्यांदा अडकलोय, म्हणून इथे विचारतो.

म्हसरूळच्या बाजूला एका इमारतीच्या तळघराचा खड्डा. ३० मीटर बाय २० मीटर, खोली ४ मीटर. वर्क ऑर्डर एक पानी. माती-मुरूम ५०० रुपये ब्रास (१०० घनफूट), ब्रेकर लागेल तो खडक २००० रुपये ब्रास. मोजायचं कसं, याबद्दल एक ओळ नाही.

वरचा मीटरभर काळी माती निघाली. तिच्याखाली साधारण दीड मीटर मुरूम, त्याखाली खडक. मालकाच्या इंजिनिअरने सांगितलं, भरावाला मुरूम इथलाच वापरू, फक्त त्यातले दगड काढून द्या. म्हणून मी भाड्याने व्हायब्रेटिंग चाळणी आणली, ७५ मिलिमीटरची जाळी लावली. मुरूम चाळला, आणि खालचा ब्रेकरचा मालही त्याच चाळणीवरून गेला, कारण तो मुरमातच मिसळून वर येत होता. दगड पूर्वेच्या कंपाउंडला रचला, बारीक माल मागच्या मोकळ्या जागेत टाकला.

आता बिल. मी हायवाच्या खेपा लिहून ठेवल्या होत्या. आतल्या-बाहेरच्या मिळून २२० खेपा, प्रत्येकी ५ ब्रास, म्हणजे ११०० ब्रास. त्यातला खडक मी ३१८ धरला, म्हणजे खालचा पूर्ण दीड मीटर. मालकाकडून पास झाले एकूण ८४८, आणि खडक फक्त १३०. म्हणतात, ढीग २६० ब्रास भरला, त्याचा निम्मा धरायचा असा नियमच आहे. वर ४० ब्रास डबर, म्हणजे फोडलेला दगड, मी दुसऱ्या साईटच्या सोलिंगला (फरशीखालच्या दगडी थराला) नेला होता, त्याची किंमतही कापणार. चार लाखांच्या वर फरक पडतोय. ब्रेकरवाल्याचं भाडं मी माझ्या खिशातून दिलंय.

माझं चुकलं कुठे, आणि आता हातात काय आहे?

सिन्नरचा_क्रशर

भाऊ, ११०० चा आकडा आधी सोडून द्या. जमिनीत घट्ट बसलेला माल उकरला की फुगतो. ३० × २० × ४ म्हणजे २४०० घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. भागून बघा, ८४८ च येतात. खड्डा खड्ड्याच्या मापाने, वाहतूक खेपेच्या मापाने. तुमचा दर खणाईचा आहे, तेव्हा ८४८ बरोबर आहेत.

वाहतुकीचा दर वेगळा लिहून घेतला असता तर ११०० चे पैसे मागता आले असते.

आडगावचा_पोकलेनवाला

हे पटलं. मुरूम फुगतो हे माहीत होतं, पण दर कोणत्या मापाचा आहे हे ठरवलंच नव्हतं. सोडलं ते.

ब्रेकरचा_दांडा

मी ऑपरेटर आहे, बारा वर्षं पोकलेनवर. मला १३० ब्रासचा राग आला. ब्रेकर किती तास चालला दादा?

आडगावचा_पोकलेनवाला

मीटरप्रमाणे १३० तास. डिझेलच्या पावत्या आहेत.

ब्रेकरचा_दांडा

मग सरळ आहे. मुरमात कोणी १३० तास ब्रेकर मारत नाही. मुरूम बकेटच्या दातांनी निघतो.

आणि चाळणीचं सांगतो, कारण हे ऑफिसात बसलेल्याला दिसत नाही. काळा फत्तर फोडताना छिन्नी एका जागी पाच-सहा ठोके घेते तेव्हा कुठे तो तडकतो. तडकतो तेव्हा मोठा दगड सुटतो, पण त्याच्याभोवती मूठभर, नखाएवढ्या चिपाही उडतात, खाली पीठ पडतं. ते सगळं ७५ च्या जाळीतून खाली जाणार. म्हणजे खडक फोडला तुम्ही, आणि चाळणीने त्यातला मोठा वाटा मुरमाच्या ढिगात टाकला. वर राहिला तेवढाच ढीग मोजला. मोजणारा म्हणतो खडक एवढाच.

गोदाकाठ

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी पंधरा वर्षं बांधकामात आहे, पण हा मुद्दा असा कधी डोक्यात आला नव्हता.

निवृत्त_उपअभियंता

थोडं सविस्तर लिहितो.

ढिगाच्या निम्म्याचा नियम आहे हे खरं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये तो दिलेला आहे. माती, साधा खडक आणि कठीण खडक एकत्र मिसळून निघत असतील, तर आधी संपूर्ण खणाईचं माप खड्ड्यावरून घ्यायचं. मग दोन्ही प्रकारचा खडक वेगवेगळा रचायचा, ढीग मोजायचे, आणि दगडांमधल्या पोकळीसाठी ५० टक्के वजा करायचे. उरेल तो खडक. एकूण मापातून तो वजा केल्यावर राहील ती माती. तुमच्या समोरच्या इंजिनिअरने गणित तिथूनच उचललेलं दिसतं.

पण नियम कशासाठी आहे ते पाहा. खडक आणि माती एकमेकांत अशी गुंतलेली असतात की खड्ड्यात त्यांची सीमा दाखवताच येत नाही, तेव्हा ढीग हा उपाय. तुमच्याकडे थर होते. काळी माती, मुरूम, खडक, असे एकावर एक. थर असतील तेव्हा प्रत्येक थराच्या माथ्यावर लेव्हल (उंची) घेऊन आडव्या छेदाने माप काढायचं असतं. ते दोघांनी मिळून घ्यायचं, एमबीत (मोजमाप पुस्तकात) लिहायचं, तिथल्या तिथे सह्या करायच्या.

दुसरं. हे काम खाजगी आहे. वर्क ऑर्डरमध्ये त्या स्पेसिफिकेशनचा उल्लेख नसेल, तर ती आपोआप लागू होत नाही. तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही.

तिसरं. ढीग मोजायचाच होता, तर चाळणीच्या आधी मोजायला हवा होता. ब्रेकरचा माल मुरमाच्या मालाबरोबर एका चाळणीवरून गेला तिथेच पुरावा मिसळला. रागावून सांगत नाही. माझ्या नोकरीत कालव्याच्या कामावर याच मुद्द्यावर दोन-दोन वर्षं बिलं अडकलेली पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी माल हलल्यानंतर भांडण सुरू झालं होतं.

लेव्हलवाली

सर, पूर्ण सहमत. मी साईट इंजिनिअर आहे, मालकाच्या बाजूने मापं घेते, म्हणून दुसरी बाजूही मांडते.

आमच्यावरही दबाव असतो. ठेकेदार म्हणतो खाली सगळा फत्तर, आणि खाली जाऊन बघावं तर निम्मा मांजऱ्या निघतो. मांजऱ्या खडक दिसायला खडक, पण पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला, बकेटने खरवडला तरी सुटतो. त्याला ब्रेकरचा दर देता येत नाही. गंगापूर रोडच्या एका साईटवर तर फत्तराच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा गेरूचा पट्टा होता, लालभडक, ओला झाला की हाताने कुस्करावा असा. त्यालाही खडक म्हणून माप लावलं होतं. लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर पसरायच्या आधी जी झीज झाली त्याची ती खूण. आपल्या भागात खोल खड्डा मारला की कधी ना कधी भेटतेच.

म्हणून मी खडक लागला की ठेकेदाराला थांबवते. एक तास जातो. ५-५ मीटरच्या चौकोनांवर लेव्हल घेते, फोटोत स्टाफ (मापाची उभी पट्टी) दिसेल असा उभा करते, मग ब्रेकर लावू देते. त्या एका तासामुळे माझ्या साईटवर आजवर एकही बिल रखडलेलं नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी

विषय थोडा वेगळा आहे, पण विचारतो. वरची मीटरभर काळी माती कुठे गेली? आमचा नवा प्लॉट माळावर आहे, वीतभर खणलं की मुरूम. चांगली माती मिळाली तर वाहतूक मी करेन.

आडगावचा_पोकलेनवाला

ती मखमलाबादकडच्या एका शेतकऱ्याने नेली. परवानगी मालकाने काढली होती.

द्राक्षबाग_दिंडोरी

पुढच्या वेळी कळवा. फक्त चाळून द्याल का? मागे एका साईटची आणली, त्यात विटांचे तुकडे आणि सळयांची टोकं निघाली. रोटाव्हेटरची पाती वाकली.

सिन्नरचा_क्रशर

काळी माती ओली असताना चाळायच्या भानगडीत पडू नका. जाळीला लिंपली जाते आणि तिचे गोळे होऊन वरूनच घरंगळतात, दगडाबरोबर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या चाळणीवर काळी माती मी घेतच नाही. चाळायची ती फाल्गुन-चैत्रात, ढेकळं वाळून ठिसूळ झाल्यावर. मुरमाचं तसं नाही, तो दमट असला तरी निघतो.

चाळणी लावायची की नाही याचा हिशोबही मांडून बघावा. चाळलेला मुरूम भरावाला, वर राहिलेला दगड सोलिंगला, असं दोन्ही त्याच प्लॉटवर जिरत असेल तर फायदा. नाहीतर चाळणीचं भाडं, जनरेटर, दोन माणसं आणि पोकलेनचा जास्तीचा फेरा यात सगळं जातं. छोट्या बंगल्याच्या प्लॉटवर तर चाळणी उभी करायलाच जागा नसते.

रस्त्यावरचा_माणूस

रस्त्याच्या कामाला चाळणी लागतेच. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये भरावात साधारण ७५ मिलिमीटरपेक्षा आणि सबग्रेडमध्ये (रस्त्याच्या थरांखालच्या मातीत) ५० पेक्षा मोठा दगड नको असं आहे. त्यापेक्षा मोठा दगड थरात राहिला की रोलर त्याच्यावर टेकतो आणि बाजूची माती सैल राहते. आता सिंहस्थाची रस्त्यांची कामं सगळीकडे निघाली आहेत. मोजमापाची ही चर्चा बऱ्याच जणांच्या उपयोगाची आहे.

महसुली_वकील

परवानगीचा विषय निघालाच आहे म्हणून. प्लॉटवरची माती, मुरूम, दगड त्याच प्लॉटच्या सपाटीकरणाला किंवा बांधकामाला वापरला, तर त्यावर रॉयल्टी लागत नाही. पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये मातीचा वापर कशासाठी झाला ते तपासायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी राज्याच्या गौण खनिज नियमांतही तशी तरतूद आली. पण माल प्लॉटच्या बाहेर पडला की परवानगी, रॉयल्टी आणि वाहतूक पास तिन्ही हवेत. रॉयल्टी २०२१ मध्ये ब्रासला ६०० रुपये झाली. विनापरवाना सापडलात तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि गाडी जप्त.

तुम्ही सोलिंगला नेलेल्या ४० ब्रासचा पास होता का? उत्तर इथे लिहू नका. नसेल तर तो मुद्दा ताणू नका, एवढंच सांगतो.

सीए_सातपूर

बिल ४५ दिवसांच्या पुढे गेलं असेल आणि तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) कामाच्या आधीची असेल, तर एमएसएमई कायदा २००६ बघा. कलम १५ मध्ये ४५ दिवसांची मर्यादा आहे, कलम १६ मध्ये बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत पैसे दिले नाहीत तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच). मार्चमध्ये या कलमाचं नाव काढलं की पेमेंट निघतं असा माझा अनुभव आहे.

महसुली_वकील

सीए साहेब, एक अडचण आहे. साहित्य आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाच्या ठेक्यांना तो कायदा लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. निव्वळ यंत्राने खणाई ही सेवा आहे असा युक्तिवाद करता येतो, पण समोरचा भांडणारच. आणि यांचा मूळ वाद तारखेचा नाही, मापाचा आहे. माप ठरल्याशिवाय व्याज कशावर मागणार?

सीए_सातपूर

मान्य. आधी माप.

गोदाकाठ

मला एक कळत नाही. ढीग २६० ब्रास भरला तेव्हा ते ४० ब्रास त्यात होते की आधीच गेले होते?

आडगावचा_पोकलेनवाला

आधीच गेले होते.

गोदाकाठ

मग त्यांच्याच पद्धतीने बघितलं तरी ढीग ३०० चा, निम्मे १५०. त्यांनी तो दगड मापातही धरला नाही आणि वर त्याची किंमतही कापतायत. दोन्ही कसं चालेल?

ब्रेकरचा_दांडा

बरोबर पकडलंत.

निवृत्त_उपअभियंता

उत्तम निरीक्षण. आता मूळ प्रश्नाकडे येऊ या. पोकलेनवाले, एक विचारतो. तळघराची भिंत ओतून झाली का?

आडगावचा_पोकलेनवाला

पूर्व आणि दक्षिण झाली. पश्चिमेला सळई बांधणं चालू आहे. उत्तर अजून उघडी आहे.

निवृत्त_उपअभियंता

मग उद्याच जा. ढीग मिसळला, माल हलला, पण खड्ड्याची उघडी बाजू अजून तशीच उभी आहे. काळी माती कुठे संपली, मुरूम कुठे संपला आणि खडक कुठे लागला, हे त्या कडेवर लिहिलेलं आहे. ती भिंत ओतली की हा शेवटचा पुरावाही गेला. त्यांच्या इंजिनिअरला बरोबर घ्या, एकट्याने माप घेऊ नका. आज रात्रीच व्हॉट्सअॅपवर साधा निरोप टाका: उद्या अमुक वाजता उत्तर बाजूची संयुक्त मोजणी करू, भिंत त्याआधी ओतू नये ही विनंती.

आयएस १२०० या भारतीय मानकाचा पहिला भाग खणाईच्या मोजमापाचाच आहे. तोही हाताशी ठेवा, पण भांडायला नको, भाषा एक व्हावी म्हणून.

लेव्हलवाली

कड आधी पाण्याने धुवून घ्या. वरून ओघळलेल्या मातीने थर झाकलेले असतात, काही दिसत नाही. टँकरचा पाइप मारला की पाच मिनिटांत रंग वेगळे दिसतात. मग चुन्याने रेघ ओढा आणि वरून टेप सोडा. कड खचेल अशी असेल तर खाली कोणाला उभं करू नका, माप वरूनच घ्या.

आडगावचा_पोकलेनवाला

(चार दिवसांनी)

मंडळी, गेलो होतो. त्यांचा इंजिनिअर आधी कुरकुरला, पण आला. कड धुतली. मी रोज त्या खड्ड्यात उतरत होतो, पण हे थर इतके स्वच्छ कधी पाहिले नव्हते. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, मग करडा पट्टा, आणि त्याखाली निळसर काळा फत्तर. ब्रेकरच्या छिन्नीचे उभे ओरखडे त्यावर अजून ताजे होते. इंजिनिअरने स्वतः हात लावून पाहिले.

उत्तरेला तीन आणि पश्चिमेच्या सळईमागे दोन, अशा पाच जागी माप घेतलं. जमिनीपासून खडकाचा माथा २.४, २.५, २.७, २.६ आणि २.३ मीटर. सरासरी २.५. म्हणजे माझा दीड मीटर बरोबर होता. पण तो करडा पट्टा, सरासरी ३० सेंटिमीटरचा, मांजऱ्या निघाला. लेव्हलवाली ताईंनी सांगितलं होतं म्हणून मी तिथे हट्ट धरला नाही. बकेटचा दात लावला आणि तो सुटला. खडक १.२ मीटर धरायचा ठरला.

३० × २० × १.२, म्हणजे ७२० घनमीटर, २५४ ब्रास. बाकीचे ५९४ ब्रास माती-मुरूम. हिशोब ८ लाख ५ हजारांवर आला. आधी ते ६ लाख १९ हजार देत होते. नेलेल्या ४० ब्रास डबराची किंमत त्यातून कापून घ्या म्हणालो, कारण दगड कोणाचा हे मी आधी विचारायला हवं होतं. इंजिनिअरने आणि मी मापाच्या कागदावर सह्या केल्या. पैसे दोन हप्त्यांत, पहिला काल जमा झाला. १ टक्का टीडीएस कापून.

ब्रेकरवाल्या दादांचे आणि सरांचे विशेष आभार. उत्तरेची भिंत आज ओतली.

ब्रेकरचा_दांडा

लई बरं वाटलं दादा. त्या १३० तासांत कोणीतरी उन्हात बसलेला असतो.

सिन्नरचा_क्रशर

अभिनंदन. पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये चार वाक्यं घाला. दर खड्ड्याच्या मापाचा, वाहतूक वेगळी. खडक लागताच संयुक्त लेव्हल. चाळणी लावायची तर तिचा ब्रासमागे वेगळा दर. आणि निघालेला दगड कोणाचा.

निवृत्त_उपअभियंता

त्यात एक भर. ब्रेकरचा माल चाळणीवर न्यायचाच असेल, तर आधी खडकाचं माप सही होऊन एमबीत चढलेलं असावं.

आडगावचा_पोकलेनवाला

पाचही वाक्यं कालच्या वर्क ऑर्डरमध्ये घातली. पाथर्डी फाट्याजवळचं काम आहे. समोरच्यांनी वाचून लगेच सही केली, एक शब्द बोलले नाहीत. आज चुना मारला, बेंचमार्क (उंची मोजायची पक्की खूण) शेजारच्या कंपाउंडच्या जोत्यावर घेतलाय. परवा सकाळी ८ वाजता सुरुवातीच्या लेव्हल घ्यायच्या आहेत. माझ्याकडे ऑटो लेव्हल (लेव्हल घ्यायची दुर्बीण) नाही. नाशकात कोणाकडे भाड्याने मिळेल का?

लेव्हलवाली

परवा माझी सुट्टी आहे. ऑटो लेव्हल घेऊन मी येते, भाडं नको. स्टाफ धरायला एक माणूस द्या, आणि पोकलेन मी माप घेईपर्यंत प्लॉटच्या बाहेरच उभं राहू द्या.